भूकंप : समजुती आणि आपली घरे

भूगोलाच्या वर्गात भूकंपाचे प्रकरण सुरू करण्यापूर्वी मी विद्यार्थ्यांना एक लहानसा गृहपाठ देत असतो. पुस्तक उघडावयाचे नाही. घरातील व शेजारच्या वडीलधाऱ्या मंडळींना विचारून भूकंपाविषयीचे एक वाक्य चिठ्ठीवर लिहून आणावयाचे, मराठीत किंवा कन्नडमध्ये. निपाणीच्या महाविद्यालयात दोन्ही भाषांची मुले एकाच बाकावर बसतात, आणि 'भूकंप' हा शब्द दोन्ही भाषांत एकच असल्याने त्या चिठ्ठ्या वाचावयास अडचण पडत नाही. समजुतीही बहुधा सारख्याच असतात. शेषाने फणा बदलला की धरणी हलते. पाप वाढले की भूकंप होतो. भूकंप पहाटेच व्हावयाचा. कुत्र्यांना तो आधी कळतो. लहान धक्के बसून गेले की मोठा टळतो. कोयनेच्या धरणाने भूकंप आणले. आणि हमखास येणारे एक वाक्य : आपल्याकडचा खडक काळा व घट्ट आहे, आपल्याला भीती नाही.

या चिठ्ठ्यांत एक गोष्ट मात्र मला जवळजवळ कधीच आढळत नाही. आपण ज्या घरात झोपतो त्या घराच्या भिंतीविषयीचे वाक्य त्यांत नसते. भूकंप का होतो आणि केव्हा होणार, याविषयी प्रत्येकाजवळ काही ना काही मत असते; पण तो झाला तर आपल्या डोक्यावर काय पडेल, याचा विचार क्वचितच झालेला असतो. प्रस्तुत लेखात या समजुती एकेक करून तपासावयाच्या आहेत. त्या खऱ्या की खोट्या एवढेच मला सांगावयाचे नाही. त्या आपले लक्ष कोणत्या दिशेस नेतात व कोणत्या दिशेवरून काढून घेतात, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

भूकंप म्हणजे काय?

प्रथम थोडी उजळणी करू. भारताचा भूखंड ज्या भूपट्टावर उभा आहे तो वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने ईशान्य-उत्तरेकडे सरकत आहे आणि तिकडे आशिया खंडाच्या पट्टावर आदळत आहे. या रेट्यातून हिमालय उभा राहिला. परंतु हा रेटा हिमालयापाशीच संपत नाही. पट्टाच्या पोटातही ताण साठत राहतो. खडकांत प्राचीन काळापासून भेगा आहेत, त्यांना आपण प्रस्तरभंग म्हणतो. अशा भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या असतात. ताण घर्षणाहून अधिक झाला की त्या एकदम सरकतात. त्या सरकण्यातून निघणाऱ्या लहरी पृष्ठभागापर्यंत येतात आणि जमीन हलते.

वर्तमानपत्रात आपण 'रिश्टर स्केलवर इतका' असे वाचतो. हा आकडा भूकंपाच्या उगमाशी किती ऊर्जा मोकळी झाली ते सांगतो, आणि एका भूकंपास तो एकच असतो. एखाद्या गावी जमीन किती हलली याचे माप मात्र निराळे. त्याला तीव्रता म्हणतात आणि ती गावोगावी बदलते. यात्रेतील ढोलावर टिपरू एकदाच पडते, पण तो आवाज देवळाच्या पायरीवर वेगळा ऐकू येतो आणि गावाबाहेरच्या मळ्यात वेगळा. हा भेद ध्यानात असला म्हणजे पुढील बरेचसे गोंधळ टळतात.

लहरीही दोन जातींच्या असतात. पहिली वेगवान पण सौम्य, दुसरी मंद पण जोरकस. कोयनानगर निपाणीपासून सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटर आहे. तेथे मोठा धक्का झाला तर पहिली लहर आपल्यापर्यंत वीस-बावीस सेकंदांत पोहोचेल आणि दुसरी तिच्यामागून साधारण पंधरा सेकंदांनी. पहिल्या लहरीने फळीवरची भांडी किणकिणतात आणि गोठ्यातील जनावर कान टवकारते. माणसाला जाग येते ती बहुधा दुसऱ्या लहरीने. कुत्र्यांना आधी कळते या समजुतीत जे तथ्य आहे ते एवढेच. काही सेकंद आधी, हे खरे. काही दिवस आधी कळते यास विश्वासार्ह पुरावा मिळालेला नाही.

काळ्या खडकाचा भरवसा

आपल्या परिसरात आढळणारा काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्यावरून एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, मग ज्वालामुखी पुन्हा जागा होईल का?" नाही. तो लाव्हा ज्या परिस्थितीत बाहेर पडला ती केव्हाच संपली. पण हाच काळा खडक आपल्याला भूकंपापासून वाचवील, ही उलट बाजूची समजूतही तितकीच निराधार आहे. कारण बेसाल्ट हे वरचे पांघरूण आहे. कोयना परिसरात ते सुमारे एक किलोमीटर किंवा थोडे अधिक जाड आहे, आणि त्याखाली फार प्राचीन खडक आहेत. भेगा सरकतात त्या मुख्यतः त्या खालच्या खडकांत.

दख्खनचे पठार स्थिर आहे ही समजूत केवळ अडाणी माणसांची नव्हती. ती पाठ्यपुस्तकांत होती आणि अभियंत्यांच्या हिशेबातही होती. कोयनेचे धरण बांधताना भूकंपाचा विचार झालाच नाही असे नाही. परंतु गुरुत्वाकर्षणाच्या शंभरातील पाच भाग एवढाच आडवा रेटा त्यात धरला होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेस ६.३ परिमाणाचा भूकंप झाला. धरणातील उपकरणाने त्या वेळी नोंदविलेला कमाल धक्का गुरुत्वाकर्षणाच्या शंभरातील साठ भागांहूनही अधिक होता, म्हणजे हिशेबाच्या दहापटीहून जास्त. कोयनानगरातील बहुतेक घरे पडली व सुमारे १८० माणसे दगावली. वीजपुरवठा तुटल्याने मुंबईतील कारखाने थंडावले. धरणाच्या उंच भागांत आडव्या भेगा पडल्या, पण धरण उभे राहिले. नंतर त्या भागांस मागील बाजूने काँक्रीटचे भक्कम आधार देण्यात आले आणि सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण पुढे या शतकात झाले.

या भूकंपाने देशाचा भूकंपधोक्याचा नकाशा बदलला आणि कोयनेचा परिसर चौथ्या पट्ट्यात गेला. तरीही पठाराचा उरलेला भाग सुरक्षितच आहे ही समजूत टिकून राहिली. किल्लारीचा परिसर १९९३ पर्यंत सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या पट्ट्यात होता. तेथे काय घडले ते आपण पुढे पाहणार आहोत. त्यानंतर २००२ च्या नकाशात पहिला पट्टाच काढून टाकण्यात आला, आणि त्या नकाशात बेळगाव जिल्हा तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात दाखविला आहे. भारतात अगदी निर्धोक म्हणावा असा पट्टा त्या नकाशात शिल्लक राहिला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

धरणाचा दोष किती?

कोयनेचा विषय निघाला की वर्गात दोन तट पडतात. एक म्हणतो, धरणानेच भूकंप आणला. दुसरा म्हणतो, एवढ्याशा पाण्याने कुठे पृथ्वी हलते? दोघांच्याही म्हणण्यात अर्धे सत्य आहे.

शिवसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि त्यानंतर त्या परिसरात वारंवार धक्के जाणवू लागले. हा क्रम अपघाताने जुळलेला नाही. याचे कार्यकारण असे समजून घ्यावे. दोन शहाबादी फरश्या एकमेकींवर ठेवल्या आणि वरची हाताने ढकलली तर ती सहज सरकत नाही. आता दोहोंमधील फटीत दाबाने पाणी घुसविले तर वरच्या फरशीचा भार पाणी थोडा पेलू लागते, खालच्या फरशीवरील तिची पकड सैल होते, आणि मग आधीच्याच जोराने ती सरकते. जलाशयाचे पाणी खोल भेगांत झिरपून तेथील दाब वाढवते आणि पकड सैल करते. ढकलणारा जोर मात्र पाण्याचा नाही. तो भूपट्टाच्या रेट्याचा आहे व खडकात आधीच साठलेला आहे. म्हणून शास्त्रज्ञ अशा भूकंपास धरणाने निर्माण केलेला न म्हणता धरणाने चेतविलेला भूकंप म्हणतात. चीनमधील शिनफेंगजियांग, आफ्रिकेतील करिबा व ग्रीसमधील क्रेमास्ता या जलाशयांपाशीही १९६२ ते १९६६ या काळात असे भूकंप झाले. या जातीच्या भूकंपांत कोयनेचा भूकंप सर्वांत मोठा मानला जातो.

कोयनेचे वैशिष्ट्य असे की तेथील धक्के पुढे अर्धशतक उलटूनही थांबलेले नाहीत. १९८५ च्या सुमारास वारणेच्या धरणात पाणी साठू लागल्यावर, १९९३ पासून हे भूकंपक्षेत्र दक्षिणेकडे वारणेपर्यंत पसरले. वारणेचे धरण निपाणीपासून सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर आहे. पाचाहून अधिक परिमाणाचे वीसपेक्षा जास्त भूकंप या लहानशा पट्ट्यात होऊन गेले आहेत. एवढ्या लहान जागेत आणि एवढ्या सातत्याने भूकंप होणारे ठिकाण जगात विरळा. म्हणूनच कराडजवळ हजारमाची येथे भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विंधनविवराची प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे येथे २०१७ साली तीन किलोमीटर खोलीचे विवर पूर्ण झाले. ज्या गोष्टीची आपण अफवांतून चर्चा करतो तिचा अभ्यास करण्यास परदेशातील शास्त्रज्ञ आपल्या शेजारी येतात.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. कोयनेस धरण कारणीभूत म्हणून सर्वच भूकंपांस धरण कारणीभूत, असा निष्कर्ष काढता येत नाही. बिहारमध्ये १९३४ साली भूकंप झाला तेव्हा तेथे कोणते मोठे धरण होते?

शेष, पाप आणि प्रायश्चित्त

शेषनागाच्या कथेस हसण्याचे कारण नाही. पाहावे तेथे माणसाने भूकंपाला एखादे वाहन दिलेले आहे. जपानात ते मागूर जातीच्या एका प्रचंड माशाचे आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याच्या मते पृथ्वीच्या पोटात कोंडलेला वारा भूकंप घडवितो. आपल्याकडे वराहमिहिराने बृहत्संहितेत भूकंपावर स्वतंत्र अध्याय लिहिला आणि त्यात पूर्वीच्या आचार्यांची मते नोंदविली : कोणी म्हणतात पाण्यातील प्रचंड प्राण्यांमुळे, कोणी म्हणतात पृथ्वीच्या भाराने थकलेले दिग्गज विसावा घेतात म्हणून, कोणी म्हणतात वाऱ्यावर वारा आदळल्याने, तर कोणी अदृष्टाकडे बोट दाखवितात. चार मते शेजारी शेजारी मांडण्याची ही रीत मला फार आवडते. एका प्रश्नाची अनेक उत्तरे असू शकतात आणि ती पडताळून पाहावी लागतात, हे त्यात गृहीत धरलेले आहे. शेषाची कथा आजीने नातवाला सांगावी. त्यात कोणाचे नुकसान नाही.

नुकसान करते ती दुसरी समजूत, पापाची. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार व नेपाळमध्ये प्रचंड भूकंप होऊन दहा हजारांहून अधिक माणसे मेली. महात्मा गांधी त्या वेळी अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेले शासन होय, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांना अस्पृश्यतेचा तिटकारा गांधीजींइतकाच होता. तरीही त्यांनी या विधानाचा लेखी निषेध केला आणि गांधीजींनी तो आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात स्वतःच्या उत्तरासह छापला. ठाकुरांच्या म्हणण्याचा आशय असा की, भौतिक आपत्तीचे कारण भौतिक घटनांतच शोधले पाहिजे. आणि आज तुम्ही भूकंपाचा दाखला सुधारणेच्या बाजूने द्याल तर उद्या सनातनी मंडळी तोच दाखला तुमच्याविरुद्ध देतील. दोन थोर माणसांमधील हा वाद आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावा. परस्परांविषयी आदर न सोडता मतभेद कसा मांडावा, याचाही तो धडा आहे.

माझ्यापुरता मी या प्रश्नाचा निकाल किल्लारीवरून लावला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तो भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून रात्री उशिरा गावे निजली होती. काही तासांपूर्वी ज्यांनी मोरयाचा गजर केला त्या माणसांनी, आणि पाळण्यातल्या लेकरांनी, कोणते असे पाप केले होते की जे इतरांनी केले नव्हते? मेलेल्यांच्या माथी पाप मारले म्हणजे जिवंत माणसास आपण सुटलो असे वाटते. भिंत कोणी आणि कशी बांधली हा प्रश्न मग विचारावा लागत नाही. या समजुतीवर माझा मुख्य आक्षेप आहे तो हा.

तारीख कोण सांगेल?

मोठा धक्का बसला की पाठोपाठ अफवा येते : आज रात्री बारा वाजता याहून मोठा होणार. २०२१ च्या ऑक्टोबरात कलबुर्गी जिल्ह्यातील गडिकेश्वर परिसरात लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली तेव्हा माणसे घराबाहेर झोपू लागली होती, काहींनी गावही सोडले. त्यांची भीती समजण्यासारखी होती. पण तारीख व वेळ सांगून भूकंपाचे भाकीत करण्याची पद्धत आजही कोणापाशी नाही. चीनमध्ये ४ फेब्रुवारी १९७५ रोजी हायचेंग येथे भूकंप होण्यापूर्वी लोकांना बाहेर काढण्यात आले व पुष्कळ जीव वाचले. तेथे आधी लहान धक्क्यांची रांग लागली होती. विद्येने भूकंपावर मात केली असे तेव्हा जगास वाटले. दीड वर्षाने, २८ जुलै १९७६ रोजी त्याच देशात तांगशान येथे कोणतीही आगाऊ सूचना न मिळता भूकंप झाला. अधिकृत आकड्यानुसार दोन लाख चाळीस हजारांहून अधिक माणसे गेली. अमेरिकेत पार्कफिल्ड येथे १९९३ पर्यंत भूकंप होईल असा अंदाज शास्त्रज्ञांनी वर्तविला होता. तेथे उपकरणांचे जाळे पसरून सर्वजण वाट पाहत राहिले. भूकंप आला २००४ साली.

लहान धक्क्यांनी मोठा टळतो, ही समजूत गणिताने तपासता येते. परिमाणाचा आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. दोनाने वाढला की ३२ गुणिले ३२, म्हणजे सुमारे हजारपट. सहा परिमाणाच्या भूकंपाची ऊर्जा चार परिमाणाच्या धक्क्यांनी हळूहळू निकालात काढावयाची तर असे हजार धक्के लागतील. रोज एक याप्रमाणे जवळजवळ तीन वर्षे! लहान धक्क्यांमुळे ताण संपत नाही. उलट किल्लारीच्या परिसरात १९९२ च्या शरद ऋतूतच लहान धक्के बसले होते, आणि मोठा भूकंप वर्षभराने झाला.

पहाटेची समजूतही अशीच. कोयना व किल्लारी दोन्ही पहाटेचे, म्हणून ती आपल्याकडे रुजली. परंतु बिहारचा भूकंप दुपारी दोनच्या सुमारास झाला आणि भूजचा २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास, प्रजासत्ताक दिनाच्या वेळी. भूकंपास घड्याळ नसते. पहाटेचे भूकंप अधिक प्राणघातक ठरतात हे मात्र खरे, कारण त्या वेळी सर्व माणसे छताखाली असतात. म्हणजे घड्याळापासून सुरुवात केली तरी शेवटी आपण छतापाशीच येतो.

तीन भूकंप, एकच आकडा

आता या लेखातील मुख्य मुद्द्याकडे वळतो. कोयनेचा भूकंप ६.३ परिमाणाचा, मृत्यू सुमारे १८०. किल्लारीचा ६.२ च्या आसपास. मृत्यू सुमारे आठ हजार, काही अंदाजांनुसार त्याहूनही जास्त. न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च शहरी २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी झालेला भूकंपही ६.२ च्या आसपासचा, मृत्यू १८५. उगमापाशी साधारण सारखाच जोर, पण मृत्यूंत चाळीस पटींहून अधिक अंतर. लोकवस्तीची दाटी, भूकंपाची वेळ, गावापासूनचे अंतर या गोष्टींचा त्यात वाटा आहे. तरीही सर्वांत मोठा वाटा घरांचा आहे.

किल्लारीच्या बाजूची जुनी घरे दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतींची. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर फूट-दोन फूट मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहणारे, थंडीत ऊब देणारे हे घर त्या हवेस अगदी योग्य होते. पण भिंत बाहेरून एकसंध दिसली तरी ती खरोखर दोन भिंती असतात : आतल्या तोंडाची एक, बाहेरच्या तोंडाची एक, आणि मधल्या जागेत दगडांची खांडके व माती. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा आरपार दगड नसेल तर जमीन हलताच ही तोंडे फुगतात, सुटतात आणि ढासळतात. वरून टनावारी माती खाली येते. त्यात गुदमरून माणसे जातात.

किल्लारीनंतर लोकांनी दगडाचाच धसका घेतला, सिमेंट म्हणजे सुरक्षा असे समीकरण मांडले. ही एक नवी समजूत झाली. दगड गुन्हेगार नव्हता. बांधणीतील सांधा गुन्हेगार होता. भूकंपानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात उभ्या राहिलेल्या दगडी घरांच्या भिंतींत ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून, त्यांत वाकविलेली सळई घालून काँक्रीट भरण्याची साधी पद्धत गावोगावच्या गवंड्यांना शिकविण्यात आली. दोन तोंडे एकमेकांस शिवून टाकण्याचाच तो प्रकार.

आणि सिमेंट आपोआप वाचवीत नाही. ख्राइस्टचर्चच्या १८५ मृतांपैकी ११५ जण एकाच काँक्रीटच्या इमारतीत गेले. भूजच्या भूकंपात उगमापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक उंच इमारती कोसळून शेकडो माणसे मेली. त्यांतील पुष्कळ इमारतींचा तळमजला गाड्या लावण्यासाठी मोकळा ठेवलेला होता. वर जड मजले आणि खाली नुसते खांब. दूर आहोत म्हणून सुरक्षित आहोत, ही समजूतही येथे गळून पडते.

आपली निपाणी

भय दाखविण्याचा माझा हेतू नाही. १०० ते १३० किलोमीटरवरील सहा परिमाणाच्या भूकंपाने निपाणीत किल्लारीसारखा संहार होईल असे मानण्याचे कारण नाही. परंतु जुन्या, पावसाने भिजून सैल झालेल्या दगडमातीच्या भिंती, तंबाखूच्या वखारींच्या आधाराविना उभ्या उंच भिंती, आणि रस्त्यालगत तळमजल्यावर दुकानांचे गाळे काढून वर मजल्यांवर मजले चढविलेल्या इमारती आपल्या गावातही आहेत, हे रस्त्याने चालताना कोणासही दिसेल. किल्लारीने हेही शिकविले की जेथे अपेक्षा नाही तेथेही भूकंप होतो.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने घरी जाऊन पुढील गोष्टी पाहाव्यात असे मी सुचवितो.

जुने घर असेल तर भिंतीस कोठे फुगवटा आला आहे काय, कोपऱ्यात उभी भेग आहे काय, छपराच्या तुळया भिंतीवर पुरेशा आत टेकल्या आहेत काय, हे पाहावे. भिंत भिजू देऊ नये. मातीच्या सांध्याचा पहिला शत्रू पाणी आहे. गळकी कौले वेळेवर चाळून घेणे हीदेखील भूकंपाची तयारीच आहे. माळवद असल्यास दरवर्षी नव्या मातीचा थर चढवीत जाऊ नये.

नवे दगडी किंवा विटांचे घर बांधताना दारे-खिडक्यांच्या वरचे लिंटेल तुकड्या-तुकड्याने न टाकता ते घराच्या सर्व भिंतींवरून सलग फिरवावे. पिंपाला जसे लोखंडी कडे, तसा हा पट्टा घराला आवळून धरतो. दारे-खिडक्या कोपऱ्याला चिकटून ठेवू नयेत. दगडी भिंतीत आरपार दगड घातले जातात की नाही, हे गवंड्यापाशी उभे राहून पाहावे.

कॉलम-बीमचे घर असल्यास खांबातील रिंगांकडे लक्ष द्यावे. खांबाच्या दोन्ही टोकांशी रिंगा जवळ जवळ हव्यात आणि त्यांची टोके काटकोनात न सोडता खांबाच्या आत वळविलेली हवीत. काँक्रीट पडल्यावर हे काहीही दिसत नाही. ते पाहण्याची संधी एकच दिवस असते. एक मजल्याच्या हिशेबाने घातलेल्या पायावर तीन मजले चढवावयाचे तर आधी जाणत्या अभियंत्यास विचारावे.

घरातील जड कपाटे व फळ्या भिंतीस ठोकून पक्क्या कराव्यात. खाटेच्या उशाशी वर जड वस्तू ठेवू नये.

प्रत्यक्ष धक्का बसला तर काय करावे? याचे उत्तर घरावर अवलंबून आहे. काँक्रीटच्या घरात असाल तर मजबूत टेबलाखाली बसावे, त्याचा पाय धरून ठेवावा व हादरा थांबेपर्यंत जिन्याकडे धावू नये. दगडमातीच्या घरात दाराशीच असाल आणि समोर मोकळी जागा असेल तर ताबडतोब बाहेर पडावे. आत अडकलात तर भक्कम खाटेचा किंवा टेबलाचा आडोसा घ्यावा. दाराच्या चौकटीत उभे राहावे हा जुना सल्ला आपल्या घरांना लागू पडत नाही, कारण चौकटीवरची भिंत तेथेच कोसळू शकते. बाहेर आल्यावर भिंती, खांब व विजेच्या तारा यांपासून दूर राहावे. जमीन दुभंगून माणसे गिळते, ही केवळ चित्रपटातील कल्पना आहे. माणूस मरतो तो पडणाऱ्या वस्तूंखाली.

यातील बहुतेक कामांस फार पैसा लागत नाही. लागते ते लक्ष, आणि घरातील वडीलधाऱ्यांशी शांतपणे बोलण्याची तयारी. शेषावर श्रद्धा असणाऱ्या आजोबांशी वाद घालण्याची काहीच आवश्यकता नाही. शेष हलला तरी भिंत उभी राहावी, एवढे त्यांनाही मान्य होईल. आमच्या महाविद्यालयातील मुले-मुली आसपासच्या मराठी व कानडी खेड्यांतून येतात. त्यांच्यापैकी काही जण उद्या शिक्षक होतील, काही ग्रामपंचायतीत निवडून येतील, काही बांधकामे घेतील, आणि बहुतेक सर्वजण आयुष्यात एकदा तरी घर बांधतील किंवा दुरुस्त करतील. त्या वेळी काँक्रीट पडण्यापूर्वी त्यांनी खांबातील रिंगा मोजून पाहिल्या, तर या प्रकरणावरील माझे अध्यापन सार्थकी लागले असे मी समजेन.